गुणाजीकाकांचे शिल्लक पॉइंट

गुणाजी परबांच्या घरात कुठलीही वस्तू संपत नाही. संपायच्या आधी दुसरी आणलेली असते, आणि ती दुसरी फोडायच्या आधी तिसरी कपाटात जाऊन बसलेली असते. मानपाडा रोडवरच्या आमच्या बिल्डिंगमध्ये ते आमच्या समोरच्याच दारात राहतात, त्यामुळे हा संसार मी जन्मापासून बघते आहे. एमआयडीसीतल्या रंगांच्या एका कंपनीत काका स्टोअरकीपर होते. कंपनी बंद पडली, पण स्टोअर त्यांनी घरी चालूच ठेवलं. फ्यूजची तार, नळाचे वॉशर, सुतळी, मेणबत्त्या, लग्नाकार्यात मिळालेले शर्टपीस, शोकेसमधून कधीही खाली न उतरलेला कपबशांचा सेट. कुणी काही विचारलं की एकच उत्तर, "असू दे, लागेल." अडीअडचणीला सगळी बिल्डिंग त्यांच्याच दारात जाते. काका देतातही, पण साधा वॉशर देताना चेहरा असा करतात, की मागणाऱ्याला वाटावं आपण यांची किडनी मागितली.

नंदाकाकू बरोबर याच्या उलट. काका कणकवलीकडचे, काकू साताऱ्याकडच्या. "स्थळ आलं तेव्हाच आमचे वडील म्हणाले होते, माणूस सोन्यासारखा आहे, पण मूठ उघडायची नाही," असं त्या काकांच्या तोंडावर सांगायच्या आणि काका खाली बघून हसायचे. काकूंकडे काही म्हणजे काही शिल्लक राहायचं नाही. कालवण केलं की तीन घरांत वाट्या, राग आला की तिथल्या तिथे दोन शब्द सुनावून मोकळ्या. आमच्याकडे पाण्याची बोंब. टँकर आला की बाकीच्या बायका बादल्या शोधेपर्यंत काकू कमरेवर एक आणि डोक्यावर एक घेऊन जिना चढायला लागलेल्या असायच्या. गॅसवाल्यानं सिलिंडर वर आणायला कुरकुर केली, तर त्याला बाजूला सारून त्याच्या देखत सिलिंडर खांद्यावर टाकून वर न्यायच्या, आणि वर गेल्यावर खिडकीतून त्याचा उद्धार. मूलबाळ झालं नाही. ती हौस त्यांनी मला हक्कानं ओरडून भागवली.

तर अशा बाईच्या हातून लाटणं सुटायला लागलं.

"दुखत नाही, खुपत नाही, नुसता हात ऐकत नाही मेला," असं म्हणत काकूंनी बरेच दिवस काढले. मग हाडांचा डॉक्टर झाला, मानेचा झाला, ठाण्यातला झाला, मुंबईतला झाला. आजाराला इंग्रजी लांबलचक नाव निघालं. अर्थ एवढाच, की मेंदूकडून स्नायूंना जाणारा निरोप हळूहळू बंद होत जातो. आधी हात, मग पाय, मग जीभ, मग गिळणं, शेवटी श्वास. डोकं मात्र अखेरपर्यंत शाबूत. औषध नाही. काकांनी मुंबईच्या डॉक्टरांना विचारलं म्हणे, "याला दुसरा काही पर्याय?" डॉक्टर नाही म्हणाले, तरी काका खुर्चीतून उठेनात. जन्मभर ज्या माणसाकडे प्रत्येक गोष्टीला एक जादाची होती, त्याला हे पटायचं तरी कसं?

व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाईंनी सांगितलं, की बोटं हलती ठेवा आणि माणसांत ठेवा. म्हणून मी त्यांना माझ्या खेळात ओढलं.

मला एक छंद आहे, जो आमच्या आईच्या मते माझं लग्न न जमण्याचं मुख्य कारण आहे. आठवडाभर मी ठाण्याला टेंभी नाक्याजवळच्या एका क्लासमध्ये गणित शिकवते आणि रविवारी संध्याकाळी आमच्या हॉलमध्ये गोष्टीचा खेळ मांडते. पट नाही, सोंगट्या नाहीत, स्क्रीन नाही. एक जण गोष्ट सांगतो, ती मी. बाकीचे प्रत्येकी एक पात्र घेतात आणि आपलं पात्र आता काय करतं ते तोंडानं सांगतात. ते जमलं की फसलं, हे फासे ठरवतात. खेळायला दोघं ठरलेले. एक आर्यन, बाळकुमच्या टॉवरमधून येतो, कॉम्प्युटरमध्ये काम करतो आणि जगातला प्रत्येक नियम आपल्याला पाठ आहे असं समजतो. दुसरा नयन, मानपाड्याच्या जुन्या आगरी घरातला. गावात कुणाची हळद असली की याची हमखास दांडी.

"फासे म्हणजे जुगार ना गो?" काकांनी पहिल्याच दिवशी दारात उभं राहून विचारलं.

"पैसे लावत नाहीत, काका."

"मग फासे कशाला?" असं म्हणत ते आत आले आणि खुर्चीवर पेपर अंथरून त्यावर बसले. आमच्या खुर्च्यांची काळजी आमच्यापेक्षा त्यांनाच जास्त.

खेळाची सुरुवात पात्र घडवण्यापासून होते. आपला माणूस कसा आहे, हे सहा गुणांत मांडायचं असतं. इंग्रजी शब्द मी बाजूला ठेवले आणि आपले सांगितले. ताकद, म्हणजे किती उचलेल, किती मारेल. चपळाई. काटकपणा, म्हणजे किती सोसेल. बुद्धी. शहाणपण. आणि छाप, म्हणजे चार माणसांत त्याचं म्हणणं किती चालतं. सगळ्यांना सारखेच पॉइंट मिळतात आणि ते या सहा गुणांत वाटायचे असतात. ताकदीत जास्त घातले, की बुद्धीला कमी पडतात. सगळ्यांतच भारी असा माणूस या खेळात बनत नाही.

"बुद्धी आणि शहाणपण वेगळं कसं?" काकांचा रास्त प्रश्न.

मी तोंड उघडायच्या आत काकू म्हणाल्या, "टँकर कधी येणार हे माहीत असणं म्हणजे बुद्धी. तो येणारच नाही हे धरून चालणं म्हणजे शहाणपण." इतकी नेमकी व्याख्या नियमांच्या जाडजूड पुस्तकातही नाही.

"मग शहाणपण माझ्यात," काका खूश होऊन म्हणाले.

"घ्या, तेवढं तरी घ्या."

आर्यननं मग त्याचं ज्ञान पाजळलं. चांगलं पात्र करायचं तर एक गुण मुद्दाम मारायचा, त्याला डम्प स्टॅट म्हणतात. जो आपल्याला लागणारच नाही त्यात काही घालायचं नाही, म्हणजे जो लागणार तो गच्च भरता येतो. सगळा हिशेब करून असं जे पात्र उभं राहतं, त्याला बिल्ड म्हणायचं. काकूंना हे फार आवडलं. त्यांनी लढवय्यी घेतली, ताकद आणि काटकपणा काठोकाठ भरला आणि छापेवर भोपळा ठेवला. "मी कुणाला पटवत बसत नाही, सरळ हाणते," म्हणाल्या. तोवर त्यांच्या डाव्या हाताची मूठ वळत नव्हती, फासा त्या उजव्या हातानं टाकत होत्या.

काकांनी वैद्य घेतला, इतरांना बरं करणारा. आणि पॉइंट वाटताना त्यांनी जे केलं, ते मी इतक्या वर्षांत कुणाला करताना पाहिलेलं नाही. सहाही गुणांत त्यांनी सारखं थोडंथोडं घातलं आणि उरलेले पॉइंट तसेच ठेवले.

"काका, हे कुठे घालायचे?"

"असू दे. पुढे लागतील."

"नाही, ते आत्ताच वापरायचे असतात. नंतर त्यांचा उपयोग नाही."

"असं कसं? पुढे काय वाढून ठेवलंय ते आज कुणाला माहीत?"

"काका, हा बिल्ड नाही, एफडी आहे," आर्यन म्हणाला. नयन तर खुर्चीवरून पडायचा बाकी होता. मी पुष्कळ समजावलं, शेवटी कंटाळून म्हटलं, ठेवा. मुंबई-पुण्यातल्या कुठल्याही खेळाडूनं हा वेडेपणा केला नसता. एकेक वस्तू मोजून देण्यात ज्याची हयात गेली, त्या माणसालाच हे सुचणार.

खेळ रंगला. काकू म्हणजे नुसता दंगा. गोष्टीत राक्षस आला रे आला, की त्या पुढे. खरं तर पात्र होऊन बोलायचं असतं, म्हणजे नयन 'रुद्रसेन तलवार उपसतो' असं म्हणणार. काकूंना ते कधीच जमलं नाही. "मी जाते आणि त्याच्या कानाखाली वाजवते," असंच त्या म्हणायच्या. नयन कौतुकानं म्हणायचा, "काकू, तुमी व्हा पुढं, आमी हाव पाठशी." आणि काका मागे उभे राहून पिशवीतली औषधं जपायचे. खेळात वैद्याला औषधाच्या कुप्या मिळत जातात. काकांच्या पिशवीत त्यांचा ढीग झाला होता आणि वापरायची वेळ आली की ते म्हणायचे, "एवढ्याशा जखमेला कशाला? आपोआप भरेल."

असा वर्षभर खेळ चालला असेल. या काळात पात्रं वाढत जातात, एकेक पायरी वर चढतात, आर्यनच्या भाषेत लेव्हल अप होतात. कागदावरच्या नंदाकाकू दगडी दरवाजे उखडायला लागल्या. आणि आमच्या हॉलमधल्या नंदाकाकूंचा उजवा हातही गेला. मग फासा मी टाकायला लागले. मग त्यांना समोरच्या दारातून आमच्याकडे आणायला चाकाची खुर्ची आली. मग जीभ जड झाली आणि 'कानाखाली वाजवते' हे वाक्य फक्त काकांना आणि मला कळायला लागलं, आर्यन-नयनला आम्ही सांगायचो. मी गणित शिकवणारी बाई आहे. मला दर रविवारी डोळ्यांसमोर दिसत होतं, की त्या सहा गुणांतले वरचे तीन एकेक करून शून्याकडे चाललेत आणि खालच्या तिघांना धक्काही लागलेला नाही. काकूंना सगळं कळत होतं. विनोद कळत होता, कीव कळत होती, काकांनी जागून काढलेली रात्र त्यांच्या डोळ्यांवर दिसायची, तीही कळत होती. देवाला एवढा अन्याय करायचाच होता, तर निदान डोकं तरी आधी न्यायचं होतं. माझा फार संताप व्हायचा. तो काढायला समोर कुणी नव्हतं, म्हणून क्लासमधल्या पोरांवर निघायचा.

एका रविवारी आर्यन-नयन गेल्यावर काका मागे थांबले. म्हणाले, "ऐशू, ते माझे पॉइंट आहेत ना शिल्लक, ते दुसऱ्याला देता येतात का?"

"कुणाला?"

"हिला. ताकदीत टाक."

"काकूंच्या ताकदीत आता जागाच नाही, काका. पूर्ण भरलीये."

ते नुसते खुर्चीतल्या काकूंकडे बघत राहिले. काकूंच्या मांडीवर त्यांचे दोन्ही हात कुणीतरी तिथे आणून ठेवल्यासारखे पडले होते. मला तेव्हा कळलं, की ते कागदावरच्या नंदाविषयी बोलतच नव्हते. आणि कळून तरी मी काय करणार होते? मी कप उचलले आणि आत गेले.

मग श्वास लागायला लागला. रात्री नाकावर मास्क लावायचं छोटं मशीन आलं. तपासणीच्या वेळी डॉक्टरांनी काकांना बाजूला घेऊन सांगितलं, की हे फार दिवस पुरणार नाही. पुढची पायरी म्हणजे गळ्याला छिद्र पाडून कायमचं मशीन. ते लावलं तर पेशंट जगतात, पण असेच, पलंगावर. लावायचं की नाही, ते पेशंटशी आत्ताच बोलून ठेवा. एकदा लावल्यावर काढणं फार अवघड असतं. काकूंना घरी पोचवून आम्ही औषधं आणायला गेलो, तेव्हा रिक्षात काकांनी मला हे सगळं सांगितलं. मी म्हटलं, मग काकूंना विचारा. "विचारू. घाई कसली?" काका म्हणाले. पुढच्या आठवड्यात विचारलं तरी हेच. पावसाळ्याच्या मेणबत्त्या होळीत आणून ठेवणारा हा माणूस, बायकोला एक प्रश्न विचारायचा म्हटलं की त्याला घाई नको होती. मी एकदा रागावून म्हटलं, "तुम्ही नाही विचारलंत, तर मी विचारते." त्यावर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी तो विषय पुन्हा काढला नाही.

त्यानंतरच्या खेळात काकू पडल्या.

खेळात प्रत्येक पात्राला जीव असतो, तो आकड्यात मोजतात. मार बसला की तो कमी होत जातो आणि शून्यावर आला की पात्र कोसळतं. ते लगेच मरत नाही. आपली पाळी आली की फासा टाकायचा. ठरावीक वेळा चांगला पडला तर जगतं, तितक्याच वेळा वाईट पडला तर जातं. मध्येच कुणी औषध दिलं, तर तिथल्या तिथे उठून उभं राहतं. काकू एकट्या पुलावर तिघांशी लढत होत्या आणि मी टाकलेले फासे काही केल्या त्यांच्या बाजूनं पडेनात. त्या शून्यावर आल्या.

"मी आहे!" काका खुर्चीतून उठलेच. "मी जातो, देतो औषध. सगळी देतो!"

काकूंनी काहीतरी म्हटलं. कळलं नाही. मी वाकून कान जवळ नेला.

"न...को."

"काय नको?" काका म्हणाले.

काकूंनी श्वास गोळा केला. एकेका शब्दाला त्यांना तेव्हा मध्ये थांबावं लागायचं. "पडू दे... मला. पुरे."

मी ते मोठ्यानं सांगितलं. आर्यन टाळ्या वाजवून म्हणाला, "वा काकू! हीरोचं मरण! पूल राखता राखता!" नयननं मात्र टाळी वाजवली नाही. गावातल्या पोराला माणसांतलं कळतं. त्यानं काकांकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

काका माझ्याकडे वळले. "ऐशू, नियम काय आहे? बरं करायला समोरच्याची परवानगी लागते का?"

नियम मला माहीत होता. खोटं बोलायला हवं होतं असं आज वाटतं, पण त्या क्षणी तोंडातून खरंच निघालं. "नाही लागत."

"मग दिलं. सगळं दिलं. एकूण एक कुपी." वर्षभर जपलेली पिशवी त्यांनी त्या एका डावात रिकामी केली. माझ्या कागदावर नंदाकाकू ठणठणीत बऱ्या होऊन पुलावर उभ्या राहिल्या. काकूंनी डोळे माझ्यावर रोखले होते. मग त्यांनी ते दाराकडे वळवले, म्हणजे घरी न्या. तो आमचा शेवटचा खेळ.

थोड्याच दिवसांत त्यांना कफ झाला, आणि एका दुपारी श्वास घेता घेता त्या गुंगीत गेल्या. कल्याणच्या रस्त्यावरच्या एका हॉस्पिटलात नेलं. क्लास सोडून मी पोचले, तेव्हा काका अतिदक्षता विभागाच्या बाहेर बाकावर बसले होते. मांडीवर दोन पिशव्या, एकीत काकूंचे कपडे, दुसरीत तेच कपडे जादाचे. काकांनी गावी भावांना फोन लावून पाहिला होता. "तू म्हणशील तसं," असं सांगून त्यांनी अंग काढून घेतलं होतं.

डॉक्टर बाहेर आले. तरुण होते, चांगले होते. म्हणाले, "आता मशीन लावायचं असेल तर थांबता येणार नाही. त्या स्वतः सांगायच्या अवस्थेत नाहीत. याविषयी पूर्वी कधी काही म्हणाल्या होत्या का?"

काका म्हणाले, "नाही." मग माझ्याकडे पाहिलं. डॉक्टर आत गेल्यावर त्यांनी माझं मनगट धरलं.

"ऐशू, ते त्या दिवशीचं... ते खेळातलं होतं ना? तिथे जे बोलतात ते पात्र बोलतं. माणूस नाही बोलत. तूच सांगायचीस ना, आपण वेगळे आणि पात्र वेगळं?"

हो, मीच सांगायचे. दर रविवारी घसा कोरडा करून सांगायचे. पात्राला राग आला म्हणून तुम्ही एकमेकांवर रागवायचं नाही, पात्र मेलं म्हणून रडायचं नाही. त्या बाकावर या माणसाला माझ्याकडून एवढं एकच हवं होतं. पण काकूंनी पुलावरून माझ्याकडे पाहिलेलं माझ्या डोळ्यांपुढून हलेना. मी म्हटलं, "काका, काकू कधी पात्र होऊन खेळल्याच नाहीत."

काकांनी माझं मनगट सोडलं. पिशवीचा बंद सोडून पुन्हा बांधला. मग म्हणाले, "कळतं गो मला. मलाही तेव्हाच कळलं होतं. पण माझ्याच्यानं नाही होत." आणि ते आत जाऊन सही करून आले.

मी त्यांना अडवलं नाही. कुठल्या तोंडानं अडवणार? माझं माणूस आत असतं, तर मी काय केलं असतं हे मला आजही सांगता येत नाही.

आता काकू घरी आहेत. हॉलमध्ये पलंग, शेजारी मशीन, ते दिवसरात्र सूं सूं करतं. लाइट गेले तर म्हणून दोन इन्व्हर्टर, कफ ओढायची दोन यंत्रं, कपाटभर नळ्या. आमच्याकडे लाइट जातातच, पण त्या घरात मशीन क्षणभरही बंद पडलेलं नाही. काका काकूंना कुशीवर वळवतात, पुसतात, पावडर लावतात, नळीतून भरवतात. येणारी नर्स म्हणते, एवढं करणारा पुरुष मी पाहिला नाही. खरं आहे. पण मला एक गोष्ट दिसते. ते काकूंच्या डोळ्यांत बघत नाहीत. सगळी कामं बाजूनं करतात.

काकूंचे आता डोळेच तेवढे हलतात. त्यांच्यासाठी मी पुठ्ठ्यावर अक्षरांचा तक्ता करून दिला. ओळीवरून बोट फिरवायचं, हवं ते अक्षर आलं की त्या पापणी मिटतात. काकांनी तो तक्ता कधी हातात धरला नाही. "मला चष्म्यातून ते नीट जमत नाही," म्हणतात. पेपरातलं बारीक टायपातलं शब्दकोडं त्याच चष्म्यातून रोज सोडवतात. त्या पुठ्ठ्यावर आपली बायको काय लिहील, या भीतीनं हा माणूस त्याच्यापासून चार हात लांब राहतो. म्हणून रविवारी मी जाऊन बसते. 'उशी', 'पंखा', 'आई कशी आहे', असलं काहीबाही त्या सांगतात.

गेल्या रविवारी काका आत नळ्या उकळत होते. मी तक्ता धरला. काकूंनी अक्षरं वेचायला सुरुवात केली. फार हळू जातं ते. आधी 'यांना'. मग 'सांग'. मी म्हटलं, काय सांगू? मग पुन्हा बोट फिरलं, आणि थांबत थांबत निघालं, 'मी खेळात म्हणाले'.

मला आधी अर्थ लागेना. मग लागला. हॉस्पिटलात काकांना मी काय सांगितलं, ते या बाईच्या कानावर जायचं कारण नव्हतं. पण नवरा आपल्याकडे का बघत नाही हे कळायला कुणी सांगावं लागत नाही. मी आवाज खाली आणून विचारलं, "खरंच खेळात म्हणाला होतात, काकू? हो असेल तर डोळे मिटा."

त्यांनी डोळे मिटले नाहीत. टक्क उघडे ठेवून माझ्याकडे बघत राहिल्या, आणि मग नजर स्वयंपाकघराकडे वळवली.

मला रडू आलं आणि रागही आला. पाण्याच्या थेंबासाठी बिल्डिंगच्या सेक्रेटरीची कॉलर धरणाऱ्या बाईला आता हे एवढंच करण्यासारखं उरलं होतं, आणि तेही माझ्या तोंडून. नाही म्हणायची माझी प्राज्ञा नव्हती.

काका हात पुसत बाहेर आले. "काय म्हणते?" मशीनकडे बघत विचारलं.

"म्हणतात, त्या दिवशी पुरे म्हणाले ते खेळातलं होतं. तुम्हाला सांग म्हणाल्या."

काका जागच्या जागी उभे राहिले. "तिनं सांगितलं? तिनं स्वतः?"

"स्वतः."

"म्हणजे तुझा समज चुकीचा होता."

"हो, काका. माझा चुकला."

काका पलंगाच्या कडेला बसले. कितीतरी महिन्यांनी त्यांनी बायकोच्या चेहऱ्याकडे समोरून पाहिलं, तिचे केस कानामागे केले. "नंदा, मला वाटलंच होतं," म्हणाले. मग त्यांनी माझ्या हातातून तक्ता घेतला, चष्मा वर केला आणि पहिल्या ओळीवर बोट ठेवून विचारलं, "बोल, काय हवं तुला?"

काकूंनी डोळे मिटून घेतले. काकांनी बोट पुढे सरकवलं, मागे आणलं, थोडा वेळ वाट पाहिली.

"झोप लागली वाटतं," ते हळूच मला म्हणाले. चेहरा कसा निवांत झाला होता. काकूंच्या मिटल्या पापण्यांखालून पाणी येत होतं. काकांनी ते पंचाच्या टोकानं अलगद टिपलं आणि मशीनच्या हवेनं डोळे कोरडे पडतात, म्हणून असं पाणी येतं, हे मला नीट समजावून सांगितलं. मी हो म्हटलं.